पिरोजी तबकडी

‘संग्राह्य’ हे विशेषण मराठीत पूर्वी बहुधा ग्रंथांसाठी राखलेले असे. परीक्षणाच्या अखेरीस ‘पुस्तक संग्राह्य आहे’ असा शेरा आला म्हणजे त्याचा अर्थ एवढाच, की हे पुस्तक एकदा वाचून रद्दीत घालण्याजोगे नाही. ते घरी असावे, वेळोवेळी उघडावे, पुढे मुलांच्याही हाती पडावे. हेच विशेषण अलीकडे मनगटी घड्याळांस लागू लागले आहे, आणि तेथे त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झाला आहे. जे मनगटाला बांधू नये, ज्याच्या वेष्टनाला नखही लावू नये, ते घड्याळ सर्वांत संग्राह्य! पुण्यातील ज्या घरांत कालपर्यंत शिल्लक पडलेला पैसा बँकेत, सोन्यात किंवा फार तर एखाद्या भूखंडात जाई, त्याच घरांतील कमावती मुले आज अमुक हिरव्या वा तमुक निळ्या तबकडीच्या घड्याळाचा भाव दोन वर्षांत किती चढेल ह्याची चर्चा करताना आढळतात. आणि वडीलधारी मंडळी ‘वेळ तर तीच दाखवते ना?’ एवढे बोलून विषय संपवतात. आमच्या मते ह्या दोन्ही बाजूंनी मूळ प्रश्नाला हात घातलेला नाही. तबकडीचा एखादा चमत्कारिक रंग घड्याळाला खरोखर संग्राह्य करतो काय, आणि करीत असल्यास केव्हा, हा तो प्रश्न होय.

उदाहरणादाखल ह्या जातीच्या घड्याळांत सर्वांत अधिक गाजलेले घड्याळ घेऊ. जिनीव्हाच्या पाटेक फिलिप ह्या पेढीचे ‘नॉटिलस’ हे घड्याळ १९७६ साली प्रथम निघाले. त्याचा आराखडा जेराल्ड जेंटा ह्या कलावंताचा. त्यानेच १९७२ साली ओडेमार पिगे ह्या दुसऱ्या पेढीसाठी ‘रॉयल ओक’ आखले होते. दोन्ही घड्याळांची कल्पना एकच, आणि तेव्हाच्या मानाने ती धाडसाची होती: घड्याळ पोलादाचे करावयाचे, पाण्यात उतरण्याजोगे घट्ट करावयाचे, पण त्याची किंमत मात्र सोन्याच्या घड्याळाच्या पंक्तीला नेऊन बसवावयाची. जपानी स्फटिकाच्या स्वस्त घड्याळांनी स्विस कारागिरांच्या पोटावर पाय आणण्याचे ते दिवस होते. तेव्हा पोलादाला सोन्याचा भाव मागणे हा केवळ माज नव्हता, तगून राहण्याचा एक मार्गही होता. जहाजाच्या भिंतीतील वाटोळ्या खिडकीसारखी चौकट, तिच्या दोन अंगांस कानांसारखे दोन उंचवटे, आणि तबकडीवर आडव्या समांतर रेघा, असे नॉटिलसचे रूप. २००६ साली त्याची जी सुधारलेली आवृत्ती निघाली, ती ५७११ ह्या क्रमांकाने ओळखली जाते. चाळीस मिलिमीटर व्यास, जेमतेम ८.३ मिलिमीटर जाडी, १२० मीटर खोलीपर्यंत पाण्याला दाद न देणारी बांधणी. वस्तू म्हणून ती उत्तम आहे ह्यात शंका नाही. तिची नित्याची तबकडी निळी. मधोमध निळी आणि कडेला काळसर होत गेलेली.

२०२१ च्या जानेवारीत ही निळी तबकडी बंद होणार असल्याचे पेढीने जाहीर केले, आणि मग गंमत सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवाळी हिरव्या तबकडीची एक आवृत्ती काढण्यात आली. त्यांतील एक घड्याळ, कारखान्याचे मूळ वेष्टनही न फोडलेले, जुलैत माँटे कार्लोच्या लिलावात चार लाखांहून अधिक युरोंस गेले. छापील किमतीच्या दहापटीहून ही रक्कम मोठी होती. डिसेंबरात शेवटचा बार उडाला. न्यूयॉर्कच्या टिफनी ह्या जवाहिऱ्यांच्या पेढीशी पाटेक फिलिपचा व्यवहार १८५१ पासूनचा. त्या १७० वर्षांच्या स्मरणार्थ बरोबर १७० घड्याळे, टिफनीच्या डब्यांच्या रंगाची तबकडी घालून, काढण्यात आली. छापील किंमत सुमारे ५२,६०० डॉलर. त्यांपैकी एक ११ डिसेंबर २०२१ रोजी फिलिप्स ह्या लिलावगृहाने न्यूयॉर्कला विकले, तेव्हा त्यास ६५,०३,५०० डॉलर आले. म्हणजे छापील किमतीच्या १२० पटींहून अधिक. लिलावाचे उत्पन्न निसर्गरक्षणाचे कार्य करणाऱ्या एका संस्थेस दान होते, ही गोष्ट त्या आकड्याबरोबर सांगितली पाहिजे. ती सहसा सांगितली जात नाही. दानाच्या बोलीवरून बाजारभाव ठरवणे म्हणजे गणेशोत्सवातील प्रसादाच्या नारळाच्या लिलावावरून मंडईतला नारळाचा दर ठरवण्यासारखे आहे.

आता हा रंग. इंग्रज लोक त्यास रॉबिन पक्ष्याच्या अंड्याचा रंग म्हणतात. आपल्याकडे तो आकाशी आणि पोपटी ह्यांच्या मध्ये कोठेतरी पडेल. पिरोज्याच्या खड्याशी तो सर्वांत जवळचा, म्हणून पिरोजी म्हणावे. १८४५ साली टिफनीने आपल्या मालाच्या सूचिपत्राच्या वेष्टनावर तो प्रथम वापरला आणि १९९८ साली कायद्याने आपली व्यापारी खूण म्हणून नोंदवून घेतला. रंग म्हणून तो गोड आहे. परंतु ह्या तबकडीवर तो शोभतो काय? छायाचित्रांवरून जेवढे कळते त्यावरून आमचे मत प्रतिकूल आहे. निळ्या-काळ्या तबकडीत उजेड मुरत असे. मनगट थोडे कलले की आडव्या रेघा उठत आणि पुन्हा बुडत. जेंटाने त्या रेघा घातल्या त्या ह्याचसाठी. पिरोजी रंग सपाट आहे. उजेड त्याच्यात शिरत नाही, वरूनच परत फिरतो. रेघा असून नसल्यासारख्या होतात. आकृती करणाऱ्याने जे साधले होते ते रंग देणाऱ्याने झाकून टाकले, आणि झाकले ते एका दुकानाच्या डब्याच्या रंगाने.

पण सुंदर नसलेली वस्तूही संग्राह्य असू शकते. तेव्हा सौंदर्याचा मुद्दा येथेच सोडून आम्ही दुसऱ्या एका घड्याळाकडे वळतो, कारण पिरोजी तबकडीचे सारे वकील अखेरीस त्याचाच दाखला देतात. रोलेक्स पेढीचे ‘डेटोना’ हे मोटारींच्या शर्यतींसाठी केलेले घड्याळ १९६० नंतरच्या दशकात निघाले, तेव्हा त्याच्या काही तबकड्या नेहमीपेक्षा वेगळ्या, भडक विरोधी रंगांच्या आणि चमत्कारिक अंकांच्या होत्या. त्या कोणाला आवडल्या नाहीत. दुकानदारांकडे त्या पडून राहिल्या. पॉल न्यूमन ह्या चित्रपटनटाला त्याच्या पत्नीने असे एक घड्याळ दिले, गाडी सांभाळून चालव असा मजकूर पाठीवर कोरून. आणि ते तो नित्य वापरीत असे. पुढे त्या नावडत्या तबकड्यांना त्याचेच नाव पडले, आणि खुद्द त्याचे घड्याळ २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाखांहून अधिक डॉलरांस विकले गेले. ‘पाहा,’ असे हे वकील म्हणतात, ‘आज विचित्र वाटणारा रंग उद्या अमोल ठरतो.’

दाखला खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. त्या तबकड्या विरळ झाल्या त्या खपल्या नाहीत म्हणून. त्यांची विरळता कोणी योजलेली नव्हती. ती बाजाराने केलेल्या उपेक्षेची खूण होती. उलट पिरोजी तबकडीची विरळता ही तिच्या जन्माआधीच ठरलेली आहे. १७० हा आकडा कारखान्याच्या अडचणीतून आला नाही, कारागिराच्या थकव्यातून आला नाही, गिऱ्हाइकाच्या नकारातूनही आला नाही. तो एका बैठकीत कागदावर मांडला गेला. पहिल्या घड्याळाचा रंग आपल्याला काही सांगतो: एका काळाची आवड काय होती, तिने काय नाकारले, आणि एका गृहस्थाने जे इतरांनी नाकारले ते वर्षानुवर्षे हातावर कसे मिरवले. दुसऱ्याचा रंग आपल्याला एवढेच सांगतो, की २०२१ साली ज्यांच्या हाती विक्री होती त्यांना रांग कशी लावावी हे ठाऊक होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत टिफनी ही पेढी एका मोठ्या फ्रेंच व्यापारी समूहाच्या मालकीची झाली होती, हेही येथे विसरू नये.

आमचा हा आग्रह पुणेकर वाचकांस परका वाटू नये. वस्तू पारखण्याची एक शिस्त ह्या शहराने फार पूर्वी घालून घेतली आहे. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली ती वि. का. राजवाडे ह्यांच्या प्रेरणेने, आणि राजवाड्यांनी ज्या एका गोष्टीचा आयुष्यभर ध्यास घेतला ती म्हणजे अस्सल कागद. बखर कितीही रसाळ असली तरी ती मागाहून आणि कोणाचे तरी मन राखून लिहिलेली. पत्र ओबडधोबड असले तरी ते त्या दिवशीच्या कामासाठी लिहिलेले, म्हणून पुराव्याला पत्र श्रेष्ठ. घड्याळांच्या बाजारात ह्याचा उपयोग अगदी तंतोतंत होतो. विक्रेत्याचे गुळगुळीत सूचिपत्र, वर्धापनदिनाचा मजकूर, क्रमांकित मर्यादित आवृत्ती, ह्या साऱ्या बखरी होत. दुकानाची पावती, दुरुस्तीच्या नोंदी, काचेवरचा ओरखडा, उन्हाने विटलेली तबकडी, ही पत्रे. आज युरोप-अमेरिकेत काळ्या तबकड्या उन्हा-दमटपणाने तपकिरी पडल्या तर त्यांस अधिक भाव येतो, तो ह्याच कारणाने: तो तपकिरी रंग कारखान्यातून आलेला नाही, वर्षांनी दिलेला आहे. (अशा तबकड्या भट्टीत भाजून काढणारे ठकही तेथे निपजले आहेतच. मोडी कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना दाखवणाऱ्यांचे हे गोरे भाईबंद.)

शहराच्या दुसऱ्या एका संग्रहाकडे पाहिले तर मुद्दा अधिकच उकलतो. बाजीराव रस्त्याजवळचे राजा केळकर संग्रहालय न पाहिलेला पुणेकर विरळा. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहीत, आणि त्यांचा चरितार्थ चष्म्यांच्या दुकानावर चाले. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवाजमव सुरू केली. अल्पवयात निवर्तलेल्या मुलाचे नाव पुढे संग्रहाला दिले. पत्नी कमलाबाई ह्या कामात अखेरपर्यंत बरोबरीने राहिल्या. वीस हजारांवर वस्तू त्यांनी जमवल्या. त्यांत काय आहे? दिवे, कुलपे, दौती, गंजिफा, वाद्ये, अंग घासण्याच्या वज्री, आणि अडकित्ते. किती तऱ्हांचे अडकित्ते! घोड्याच्या आकाराचे, पोपटाच्या आकाराचे, स्त्रीपुरुषांच्या जोडीचे, पितळी, रंगवलेले. आता कोणी असे म्हणेल, की हे अडकित्तेही मिरवण्यासाठीच केलेले होते. साधी सुपारी साध्या अडकित्त्याने कातरता येत नव्हती काय? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. हौस, डौल, श्रीमंती दाखवण्याची आवड ह्यांनी वस्तू हलकी होत नाही. तसे असते तर पैठणीही हलकी ठरती. परंतु त्या पोपटाच्या चोचीने सुपारी कातरली आहे. पाते झिजले आहे, खिळा सैल झाला आहे, पंखांवरचा रंग अंगठा टेकला तेथे गेला आहे. करणाराने तो कोणाच्या तरी पानाच्या तबकासाठी केला, एखाद्या संग्रहालयासाठी नव्हे. केळकरांनी तो उचलला तेव्हा तो मोडीत निघालेला होता, आणि तो संग्राह्य आहे हे मत त्या वेळी केळकरांचे एकट्याचे होते.

हेच संग्राहकाचे काम असे आम्ही समजतो: जगाने अजून न दिलेली किंमत देणे. पिरोजी तबकडीला किंमत देण्यासाठी डोळा लागत नाही, पैसा लागतो. आणि त्याहीपेक्षा दुकानदाराची मर्जी लागते. २०२० साली रोलेक्सने आपल्या साध्या ‘ऑइस्टर पर्पेच्युअल’ घड्याळात जवळजवळ ह्याच रंगाची तबकडी काढली होती, आणि तीही बघता बघता छापील किमतीच्या कितीतरी वर गेली. तेव्हा ज्यांनी ‘हा रंग आता खाली येणारच नाही’ अशी खात्री दिली, त्यांना २०२२ च्या पूर्वार्धानंतर गप्प बसावे लागले. त्या वर्षी शिखर गाठून अशा घड्याळांचे दुय्यम बाजारातील भाव महिन्यामागून महिने उतरत गेले. ज्यांनी वरच्या भावाने घेतली त्यांच्यापैकी काही आपल्यासारख्याच घरांतील पगारदार होते. कोट्यधीशाला अशा उतरणीने काही होत नाही; पगारदाराचे घरभाडे त्यात जाते.

चमत्कारिक रंगाची आणखी एक कहाणी आहे, आणि ती जिनीव्हाची नसून मुंबई-पुण्याची आहे. फेवर-ल्यूबा ही १७३७ साली स्थापन झालेली स्विस पेढी १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करू लागली. ‘सी चीफ’, ‘सी किंग’ ही तिची घड्याळे आपल्या वडिलांच्या-आजोबांच्या पिढीने लग्नात, बढतीच्या वेळी, निवृत्तीच्या समारंभात घेतली. १९६१ पासून बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एच. एम. टी. ची घड्याळे होऊ लागली, आणि ‘जनता’, ‘पायलट’ ही नावे घरोघर झाली. किल्लीचे यंत्र, पांढरी नाहीतर काळी तबकडी, पट्टा चामड्याचा. केंद्र सरकारने एच. एम. टी. चा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय जानेवारी २०१६ मध्ये घेतला, आणि तेव्हापासून ह्या घड्याळांस एकाएकी शौकीन मिळू लागले. पण त्यांतील कित्येकांस मिळते काय? नारिंगी, जांभळ्या, पोपटी, गुलबक्षी तबकड्यांची ‘पायलट’ घड्याळे, जी कारखान्याने कधी काढलीच नाहीत! जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी चढवून ती दूरदूरच्या गिऱ्हाइकांस विकण्याचा हा धंदा बरीच वर्षे चालू आहे, आणि परदेशी शौकिनांत ‘मुंबईची’ एवढ्याच शब्दाने ही जात ओळखली जाते, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरी मारणाऱ्याला हा माल ओळखता आला पाहिजे. ओळखणे कठीण नाही. तबकडीवरची अक्षरे कडांना फुगलेली असतात, मिनिटांच्या खुणा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत, किल्लीची कळ पेटीच्या मानाने भलतीच मोठी असते, आणि साठ वर्षांच्या यंत्रावरची तबकडी कालच रंगवल्यासारखी दिसते, कारण ती कालच रंगवलेली असते.

येथे एक विचित्र विरोध दिसतो. जुन्या बाजारातील गुलबक्षी ‘पायलट’ला आपण खोटे म्हणतो, आणि जिनीव्हाच्या पिरोजी ‘नॉटिलस’ला अमोल. दोन्हींत रंग घड्याळाच्या कामाशी संबंध नसलेला, दोन्हींत तो गिऱ्हाइकाचे लक्ष वेधण्यासाठी दिलेला. भेद एवढाच, की एक रंग मूळ कारखान्याच्या शिक्क्यानिशी आला आणि दुसरा त्याच्यामागे चोरून चढवला गेला. हा भेद लहान नाही. फसवणूक ती फसवणूकच, आणि पाटेक फिलिपने कोणाची फसवणूक केलेली नाही. तथापि अस्सल असणे ही संग्राह्यतेची पहिली पायरी होय, शेवटची नव्हे. पिरोजी घड्याळ अस्सल आहे, उत्तम घडणीचे आहे, आणि आमच्या मते २०२१ सालच्या व्यापाराचे एक साधन म्हणून एखाद्या संग्रहालयाने त्याचा एक नमुना अवश्य ठेवावा: धनिकांच्या हाती पैसा फार आणि खरेदीला वस्तू थोड्या होत्या, अशा वर्षी एका डब्याचा रंग काय करू शकला, हे त्यावरून पुढच्या पिढीला कळेल. घड्याळ म्हणून मात्र त्याची जुनी निळी बहीणच श्रेष्ठ. ज्या १७० जणांकडे ते गेले त्यांनी ते रोज बांधले, चौकटीला ओरखडे पडू दिले, पिरोजी रंग एखाद्या कोकणातल्या किंवा कॅरिबियन समुद्रावरच्या उन्हात थोडा विटू दिला, तर पन्नास वर्षांनी आमचे हे मत बदलण्यास नातवंडांस कारण मिळेल. तिजोरीत ठेवलेल्या घड्याळाबाबत तशी आशा नाही.

ह्या लेखाच्या वाचकांपैकी फारच थोड्यांपुढे ‘नॉटिलस’ घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न येईल. पण कपाटाच्या खणात आजोबांचे ‘जनता’ किंवा ‘सी चीफ’ बंद पडून आहे अशी घरे पुण्यात हजारो असतील, आणि त्यांच्यापुढे एक प्रश्न नक्की येतो. कारण दुरुस्तीला नेले की दुकानदार पहिली गोष्ट सुचवतो ती म्हणजे तबकडी नवी करून घेण्याची. पिवळट पडली आहे, डाग आहेत, एखादा छान रंग देऊ का, असे तो सद्भावनेनेच विचारतो. त्यास नाही म्हणावे. घड्याळजीकडून यंत्र उघडवून साफ करून घ्यावे, तेल घालून घ्यावे, कमान तुटली असल्यास बदलावी, काच फुटली असल्यास नवी बसवावी. तबकडीला हात लावू देऊ नये. पावती वा हमीपत्र सापडले तर ते घड्याळाबरोबरच ठेवावे, आणि हे घड्याळ कोणी, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगाने घेतले ते घरातील ज्या माणसाला अजून आठवते त्याच्याकडून चार ओळींत लिहवून घ्यावे. ‘जनता’ लाखोंनी निघाले. त्याला दुर्मिळतेचा भाव कोणी देणार नाही, आणि मुलाने तो विचारल्यास त्याला तसे स्वच्छ सांगावे. मग किल्ली द्यावी. चांगल्या स्थितीतले यंत्र एका किल्लीवर दिवसभर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा द्यावी लागते.